दमेल आणि झोपेल

मुलाला भरपूर खेळू द्यावं, म्हणजे ते दमेल आणि झोपेल. या वाक्यावर मराठी घरातल्या सासू-सुनांचं एकमत असतं, आणि ज्या गोष्टीवर या दोघींचं एकमत होतं ती तपासून पाहण्याच्या फंदात घरातलं तिसरं माणूस पडत नाही. संध्याकाळी पाचला मुलाला घरापुढच्या खळ्यात सोडतात, सातला ओढून आत आणतात, आणि रात्री साडेदहाला घरातली सगळी मोठी माणसं भिंतीला पाठ टेकून बसलेली असतात, तर मूल गादीवरून उशीवर आणि उशीवरून आजोबांवर उड्या मारत असतं. तरी प्रयोग फसला असं कुणी म्हणत नाही. 'आज जरा जास्तच खेळला, म्हणून झोप उडाली' असं म्हणतात. काल तो झोपला नव्हता, कारण काल पुरेसा खेळला नव्हता. म्हणजे कमी खेळलं तर दमलं नाही म्हणून झोपत नाही आणि जास्त खेळलं तर फार दमलं म्हणून झोपत नाही. निकाल काहीही लागो, सिद्धान्त आपला खरा! अशा सिद्धान्ताला शास्त्रात फारशी किंमत नसते. घरात मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की लहान मूल दमवता येत नाही. या उद्योगात कुणी दमत असेल तर तो दमवणारा.

ही समजूत तपासायची तर जिथे तिच्यावर सगळ्यात जास्त भार पडतो तिथे जावं, आणि ती जागा म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं लोटे. मुंबई-गोवा महामार्गावर खेडहून चिपळूणकडे निघालं की परशुराम घाटाच्या अलीकडे लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत लागते. इथले बरेचसे कारखाने रसायनांचे. रसायनाची बॅच एकदा लावली की ती माणसाच्या झोपेसाठी थांबत नाही, म्हणून कंपन्या तिन्ही पाळ्यांत चालतात, आणि म्हणून लोटे, घाणेखुंट, पीरलोटे, आवाशी, लवेल, गुणदे अशा गावांतल्या कितीतरी घरांत अधूनमधून अशी सकाळ उगवते की नाईट करून आलेला बाप अंथरुणाला पाठ टेकत असतो आणि तीन वर्षांचं मूल नुकतंच उठलेलं असतं. मग घरात मौनव्रत सुरू होतं. खिडकीला चादर लागते, कुकरच्या शिट्ट्या आधीच उरकलेल्या असतात, फोनचा गळा दाबलेला असतो आणि आजोबांच्या टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई नुसतेच ओठ हलवते. मुलालाही बजावलेलं असतं, 'पप्पा झोपलेत हां, आवाज करायचा नाही.' मूल शहाण्यासारखी मान डोलावतं आणि पाच मिनिटांनी पप्पांच्या कानाशी तोंड नेऊन, त्याला जमेल तितक्या हळू आवाजात विचारतं, 'पप्पा, तू झोपलास?' यात खोडी कुठेच नाही. मिळालेली माहिती ते जागेवर जाऊन पडताळून पाहतं. कंपनीत याच कामाला क्वालिटी कंट्रोल म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो.

त्यानंतर ताट पडतं. स्टीलचं ताट एकदाच पडून मोकळं होत नाही. आधी ते फरशीवर आपटतं, मग कडेवर उभं राहून गोल फिरायला लागतं, दर फेरीला थोडं थोडं खाली झुकतं, आणि जसजसं झुकतं तसतसा त्याचा ठेका वाढत जातो. शेवटी एक लांबलचक थरथर होते आणि ते एकदम गप्प बसतं. तेवढ्या वेळात आई स्वयंपाकघरातून धावत येते, आजी देवाचं नाव घेते आणि आतल्या खोलीत कूस बदलल्याचा आवाज होतो. मूल यातलं काहीच पाहत नाही. ते ताटाकडे पाहत असतं. ताट निजलं की ते त्याला पुन्हा कडेवर उभं करतं, कारण एकदा घडलेली गोष्ट योगायोगाने घडलेली असू शकते; दुसऱ्यांदा करून बघितल्याशिवाय मत बनवणं त्याला घाईचं वाटतं. एवढा चिकाटीचा माणूस संध्याकाळी खळ्यात चार चकरा मारून दमेल अशी आशा आपण कशाच्या जोरावर बाळगतो?

शास्त्रज्ञांनी मोजमाप केलं तेव्हाही कौल मुलांच्याच बाजूने लागला. २०१८ साली 'फ्रंटियर्स इन फिजिऑलॉजी' या नियतकालिकात फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. वयात न आलेले मुलगे, व्यायामाची सवय नसलेले प्रौढ पुरुष आणि दमसासाच्या खेळांत मुरलेले खेळाडू अशा तीन गटांना त्यांनी सायकलच्या यंत्रावर जीव तोडून पायडल मारायला लावलं. मुलांचे स्नायू थकव्याला तोंड देण्यात खेळाडूंच्या बरोबरीचे निघाले, आणि नंतर ताजंतवानं होण्यात तर काही बाबतींत काकणभर सरस. व्यायामाची सवय नसलेले प्रौढ कुठे राहिले हे वेगळं सांगायला नको; ते म्हणजे आपणच. त्याहून लहानांचा हिशोब अमेरिकेत झाला. कॅरेन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १२ ते १९ महिन्यांच्या बाळांच्या चालण्याची मोजदाद प्रसिद्ध केली. मोकळं खेळताना बाळ तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतं आणि १७ वेळा पडतं. ज्या दहा हजार पावलांसाठी मोठी माणसं मनगटाला घड्याळ बांधून भल्या पहाटे रस्त्याला लागतात, ती या हिशोबाने बाळाच्या सव्वाचार तासांच्या खेळात पुरी होतात. पडण्याचा हिशोब तर लोट्यात विशेष कळावा. कंपनीच्या गेटवर 'अपघाताविना गेलेले दिवस' असा फलक असतो आणि त्यावरचा आकडा वाढत गेला की सगळ्यांना अभिमान वाटतो. तसा फलक रांगणं संपून चालणं सुरू झालेल्या बाळाच्या घरावर लावला, तर त्यावर दिवस नव्हे, मिनिटं लिहावी लागतील आणि आकडा सरासरीने साडेतीनपर्यंतच पोचेल. बाळ मात्र ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाचीही वाट पाहत नाही. ते उठतं, हात झटकतं आणि कामाला लागतं.

कुणी म्हणेल, पाय चालतात म्हणून दमत नसेल, निदान एका जागी बसवलं तर विश्रांती मिळेल. बसलेलं मूल म्हणजे विचारणारं मूल. लहान मुलांच्या बोलण्यावरच्या २००७ सालच्या एका अभ्यासात असं दिसलं की मोठ्यांशी बोलताना मुलं माहिती मागणारे प्रश्न तासाला सरासरी ७६ विचारतात. म्हणजे ४७ सेकंदांना एक. लोट्याचा बाप दुपारी तीनला उठून चहा घेत बसला की त्याच्यासमोर हा तोफखाना उभा राहतो. तुमच्या कंपनीत काय बनतं? पावडर बनते. ती खातात का? नाही, ती दुसऱ्या कंपनीत जाते. ते खातात का? नाही, ते त्याच्यापासून औषध बनवतात. मग तुम्हीच औषध का नाही बनवत? इथे बाप कप खाली ठेवतो, कारण असा प्रश्न त्याला नोकरीच्या मुलाखतीतही कुणी विचारलेला नसतो. प्रश्न तोंडावाटे बाहेर पडले नाहीत तरी आतलं काम थांबत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार पाच वर्षांच्या आसपास शरीर स्वस्थ असताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश ऊर्जा एकटा मेंदू खातो. म्हणून घरात मूल आहे आणि आवाज नाही, अशा वेळी आई पोळी तव्यावर टाकून उठते. कारखान्यातला जुना ऑपरेटर यंत्राच्या आवाजाने बिचकत नाही, आवाज बदलला की उठतो. त्याला हे शिकायला वीस वर्षं लागतात; आईला एक टाल्कम पावडरचा डबा पुरतो.

यावर पहिला आक्षेप आजोबा घेतात: आमच्या वेळी मुलं अशी नव्हती. हा आक्षेप भाषेनेच खोडून काढला आहे. खोडकर, खट्याळ, अवखळ, द्वाड, व्रात्य, वांड, उनाड, चळवळ्या, उपद्व्यापी. शिवाय पायाला भिंगरी लागलेलं आणि अंगात वारं शिरलेलं. शांत मुलासाठी मात्र 'गुणी' आणि 'शहाणं' अशा दोनचार शब्दांतच भाषा आवरतं घेते, आणि त्यांतला 'शहाणं' हा शब्दही निम्म्या वेळा टोमण्याचाच असतो. ज्या वस्तूचा रोज संबंध येतो तिलाच भाषा इतकी नावं देते. जुन्या गौळणी काय सांगतात? गोकुळातल्या गवळणी यशोदेच्या दारात तक्रारी घेऊन उभ्या आहेत. पालकसभा तेव्हाही होती, फक्त ती रोज भरायची. आणि लांब कशाला जा, याच जिल्ह्यातल्या पालगडचा श्याम पोहायला जायला नको म्हणून माळ्यावर लपून बसतो आणि आईच्या हातचा मार खातो. एवढ्या संस्कारी मुलाची ही कथा, तर बाकीच्यांबद्दल बोलायलाच नको. साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिलं ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात. लहानपणाविषयी एवढं सलग लिहायला लागणारी शांतता नांदत्या घरात मिळण्यासारखी नव्हतीच. आजोबांच्या वेळची मुलं वेगळी नव्हती. वेगळं एवढंच होतं की तेव्हा घरात बारा माणसं होती, आणि दमण्याचं काम बाराजणांत वाटलं जात होतं. त्यातही आजोबांच्या वाट्याला ते फारसं आलेलं नसावं, म्हणून त्यांची आठवण इतकी सुखद आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: काही म्हणा, मुलं शेवटी झोपतातच की! झोपतात, आणि मोठ्यांपेक्षा जास्त झोपतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला १० ते १३ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण मुद्दा झोपेचा नाही, झोप कुणाच्या हुकमाने येते याचा आहे. मोठ्या माणसाला झोप पेंगत पेंगत, जांभया देत, पूर्वसूचना देऊन येते. मुलाची झोप पावसाळ्यात वीज जाते तशी येते. घास तोंडात असताना येते, भोस्ते घाटाच्या वळणावर मोटारसायकलच्या टाकीवर बसल्या बसल्या येते, लग्नाच्या मांडवात बँडच्या शेजारी येते. आणि गादीवर नेऊन ठेवलं की वीज परत येते तशी जातेही. थकवा हे झोपेचं कारण असतं तर ती रात्री दहाला, थकव्याच्या टोकाला गाढ लागली असती; प्रत्यक्षात ती सगळ्यात गाढ लागते सकाळी, अंगणवाडीला जायच्या वेळी. खेळण्या-बागडण्याने झोपेला मदत होते, रोजची ठरलेली वेळ पाळली तर आणखी होते, हे मला मान्य आहे. पण मदत होणं वेगळं आणि आपण कळ दाबल्यावर झोप लागणं वेगळं. शेतकरीही पावसाला मदत होईल म्हणून झाडं लावतो. म्हणून पाऊस त्याच्या हाताखाली कामाला राहिलेला नसतो.

पाऊस निघालाच आहे तर तिसऱ्या आक्षेपाकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खळं बंद, रस्ता बंद, पडवीत पावसाची झड. माजघरात दोरीवर ओले कपडे आणि दोरीखाली कोरडं मूल, अशी चार महिन्यांची सहवस्ती. अशा वेळी व्यवहारी माणूस म्हणतो, दमवायचं कशाला, मोबाइल द्या. मूल दगडासारखं बसतं. बसतं हे खरं आहे. पण मोबाइलने मुलाची ऊर्जा संपत नाही, ती मुदत ठेवीत पडते आणि रात्री दहाला व्याजासकट परत मिळते. वर सांगितलेल्या सूचना दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाला एका तासापेक्षा जास्त बसवू नका म्हणतात, त्याहून कमी तर बरंच. उलट हालचाल मात्र दिवसभरात मिळून निदान तीन तास व्हायला हवी. आपल्या घरांत हे आकडे उलटे वाचले जातात. शिवाय मोबाइल देणाऱ्याला वाटतं आपण मुलाला गप्प बसवलं. प्रत्यक्षात मुलाने आपल्याला गप्प बसवलेलं असतं, कारण फोन त्याच्याकडे आणि आपण रिकाम्या हाताने भिंतीकडे बघत बसलेलो.

मग करायचं काय? याचं उत्तर दमवण्याच्या भानगडीत न पडलेल्या दोन बायकांनी फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे चालवलं. महागड्या साधनांऐवजी त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं मुलांपुढे ठेवली आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. या दोघींचं साधं गणित असं होतं की मूल हे काम मागणारं माणूस आहे. त्याला काम द्या. कोकणातल्या आजीला हे गणित पुस्तकाशिवाय येतं. ती काजूच्या बिया आणि फणसाच्या आठळ्या एकत्र ओतते आणि म्हणते, वेगळ्या कर बघू. पाऊण तास घर शांत. (एक बी नाकात जाण्याची शक्यता गृहीत धरावी, कुठलीही प्रक्रिया शंभर टक्के सुरक्षित नसते.) मे महिन्यात खळ्यात साठं घातलेलं असतं. ताटांना तूप लावून आंब्याचा रस ओतायचा, उन्हात सुकू द्यायचा, मग त्यावर दुसरा थर, असे काही दिवस. आजी येता-जाता बोटाने दाबून बघते, सुकलं का. मूलही तेच बघतं, फक्त ते पायाने बघतं. तिसऱ्या थरावर पाच बोटं आणि एक टाच स्पष्ट उमटते. आरडाओरडा होतो, पाय धुतला जातो, आणि ते ताट टाकून न देता दुसऱ्या दिवशी पावलाच्या ठशावरच चौथा थर ओतला जातो. पावसाळ्यात ते साठं मुंबईच्या पाहुण्यांना फार आवडतं. आजी त्यातलं रहस्य सांगत नाही.

म्हणजे मुलाला थांबवता येत नाही, दमवता येत नाही, फक्त कच्चा माल पुरवता येतो. मग दमण्याचं जे काम शिल्लक उरतं त्याची वाटणी तरी नीट व्हावी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगाराच्या तासांना मर्यादा घातली: दिवसाला नऊ, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची सुट्टी. हा कायदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबला. लोट्यातला बाप एका वेळी एकाच पाळीत असतो. आई फर्स्ट, सेकंड आणि नाईट या तिन्हींत असते, आणि वर लोक तिला विचारतात, तुम्ही कुठे कामाला नाही ना? 'तो कंपनीतून दमून येतो' हे शेवटचं समर्थन इथे पुढे येतं. येतो, नक्कीच येतो. पण ज्या कंपनीतून तो येतो, तिथे दमलेल्या माणसाच्या जागी दुसरा माणूस आल्याशिवाय यंत्र सोडायची मुभा नाही. पाळी बदलताना तो चार्ज देतो आणि घेणारा तो समजून घेतो. तेवढी एक पद्धत घरी आणायला कुणाची परवानगी लागत नाही. संध्याकाळी दारातच आईने चार्ज द्यावा आणि चपला काढता काढता बापाने तो घ्यावा: दूधभात खाल्लाय, शी झालेली नाही, रिमोट सापडत नाही, पलंगाखाली काहीतरी ओलं आहे, ते काय आहे हे आजोबांना माहीत आहे पण ते सांगत नाहीत. रात्री आजोबांनी तोच चार्ज पुढे घ्यावा. रोज तपशील बदलतील, ओली जागा बदलेल. शेवटची नोंद मात्र कुठल्याही पाळीत, कुणाच्याही अक्षरात तीच राहील: यंत्र चालू स्थितीत आहे.